दवाखान्याच्या मागच्या गल्लीत

लोक म्हणतात, घर पाहावं बांधून. आमच्या भावोजींनी ते पाहिलं स्ट्रेचर फिरवून. खोटं नाही सांगत. माझ्या थोरल्या बहिणीचा हा नवरा अँब्युलन्स चालवतो, उभा जन्म त्याच कामात गेला. घर घ्यायची वेळ आली तेव्हा माणसं नळाचं पाणी बघतात, सकाळचं ऊन बघतात, शेजार कसा आहे ते विचारतात. हा बाबा जिन्याच्या वळणावर हात पसरून उभा. एजंट बिचारा स्वयंपाकघराच्या ओट्याचं कौतुक सांगतोय आणि हे त्याला विचारतायत, लिफ्टमध्ये माणूस आडवा मावेल का? एजंटचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पुढचं घर दाखवायला तो स्वतः आलाच नाही, भावाला पाठवलं.

आता हसू येतं, पण कारण काही हसण्यासारखं नव्हतं. त्याच्या आदल्या वर्षी ताईला हृदयाचा झटका आला होता. तेव्हा ती दोघं चौथ्या मजल्यावर भाड्यानं राहायची. लिफ्ट बंद, रस्ता पाइपांसाठी खणलेला, भावोजींचीच अँब्युलन्स कोपऱ्यावर अडकलेली. शेजाऱ्यांनी ताईला खुर्चीत बसवून खाली आणलं. जगाच्या माणसांना वेळेत पोचवणारा हा माणूस, स्वतःच्या बायकोच्या वेळी गाडी तिथंच सोडून धावत आला आणि जिन्यात गर्दी असल्यामुळे खालीच उभा राहिला. वाचली ताई. पण डॉक्टरांनी सांगितलं, हृदय कमजोर झालंय, पुन्हा असं झालं तर किती लवकर आणता यावर सगळं. झालं. हे वाक्य भावोजींच्या डोक्यात असं जाऊन बसलं की दुसऱ्या कशाला जागाच उरली नाही.

त्यांना सगळं शहर पाठ. पण आपल्याला पाठ असतं तसं नाही. मी एखाद्या वस्तीचं नाव घेतलं की मला तिथली दुकानं आठवायची, ह्यांना गतिरोधक. अमुक भागात झाडं छान आहेत म्हटलं की हे म्हणायचे, फांद्या खाली आल्यात, गाडीचा दिवा अडकतो. तमक्या सोसायटीत बाग आहे, तर फाटकाचा पहारेकरी बहिरा आहे. एका घराला तर ताईनं मनातून होकार दिला होता, पण शाळा सुटायच्या वेळी त्या रस्त्यावर रिक्षांची रांग लागते म्हणून तेही बाद. कुठल्या गल्लीत कोण कसं गेलं, कोण थोडक्यात वाचलं, एवढ्यावर त्यांचा नकाशा. अशा माणसाबरोबर घर बघायला जाणं म्हणजे सुतकात बाजार करण्यासारखं होतं.

माझं म्हणणं वेगळं होतं, आणि मी ते पोटात ठेवणारी नाही. माझं बायकांचे केस कापायचं दुकान आहे, शहराच्या पार टोकाला, रेल्वे फाटकाच्या पलीकडे. दुकानाच्या वरच घर. दिवसभर कात्री आणि तोंड, दोन्ही चालू असतात. आमच्या त्या भागात काही नाही म्हणाल तर काही नाही, पण मधोमध एक मोकळं मैदान आहे, कडेनं बाकं आहेत, आणि उन्हं कलली की सगळी वस्ती तिथं उतरते. पोरं सायकली पाडतात, म्हातारे भांडतात, बायका एकमेकींच्या सुनांचा उद्धार करतात. आणि नेमका तेव्हाच माझ्या समोरचा फ्लॅट विकायला निघाला. दारासमोर दार. ताईला शिंक आली तर मला ऐकू यावी.

ताई बालवाडीत शिकवायची. झटक्यानंतर ते सुटलं, आणि पोरांशिवाय ती अगदी निम्मी झाली. तिला मी फ्लॅट दाखवायला आणलं आणि मग मैदानावर नेऊन बसवलं. पाणी आणायला वर गेले, खाली येऊन बघते तर बाईंच्या भोवती चार पोरं गोळा, एकाच्या सायकलची चेन ती बसवून देतेय, हात काळे. मला म्हणाली, "बेबी, इथं मी बरी होईन गं." मला अजून घरात सगळे बेबीच म्हणतात, केस पांढरे झाले तरी.

भावोजी मागून यायचे होते. आले ते तोंड वाकडं करूनच. फाटक पडलं होतं, मालगाडी जाईपर्यंत तिथं खोळंबले होते. फ्लॅट बघितला नाही, मैदान बघितलं नाही, एवढंच म्हणाले की मध्ये फाटक आहे. माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, झटका काय गाडीचं वेळापत्रक बघून येणार आहे? तर ते शांतपणे म्हणाले, "बघूनच येतो. मी त्या फाटकाशी माणूस जाताना बघितलाय."

शेवटी त्यांनी घर घेतलं ते मोठ्या दवाखान्याच्या मागच्या गल्लीत. तळमजला, रुंद दार, एक पायरी नाही. खिडकीतून तातडीच्या विभागाचं दार दिसायचं. मी ताईला म्हटलं, तू नाही म्हण, तुझ्या तोंडात जीभ आहे ना. ती म्हणाली, "हे रात्री झोपत नाहीत गं, बेबी. मी कूस बदलली तरी उठून बसतात, नाकाशी बोटं धरून श्वास बघतात. तिथं घेऊ दे त्यांना. मला काय, चार भिंती कुठं तरी असणारच." मी पुष्कळ आदळआपट केली. पालथ्या घड्यावर पाणी.

ती गल्ली तुम्ही बघायला हवी होती. औषधांची दुकानं एकाला एक लागून, मध्ये एक्स-रे काढणारा, व्हीलचेअर भाड्यानं देणारा, कागदांच्या प्रती काढणारा. फुटपाथवर फायली आणि घोंगड्या घेऊन बसलेली माणसं, त्यातलं एखादं भिंतीकडे तोंड करून रडत असायचं आणि कुणी त्याच्याकडे बघायचं नाही. बघून बघून किती बघणार? आणि सायरन. ताईनं पहिल्याच महिन्यात खिडक्या बंद करून घेतल्या त्या कायमच्या. तरी सायरन वाजला की हातातलं काम टाकून ती गप्प बसायची. मला एकदा म्हणाली की दर वेळी वाटतं माझ्यासाठीच आलीये.

बरं, शेजार म्हणावा तर तोही नाही. त्या इमारतीतल्या बहुतेक खोल्या पेशंटच्या नातेवाइकांना भाड्यानं दिलेल्या. ताईचा स्वभाव माणसं जोडण्याचा, ती कुणाला गरम पाणी दे, कुणाचे कपडे वाळत घाल, असं करायची. सासऱ्याच्या ऑपरेशनसाठी आलेली एक शिवणकाम करणारी बाई होती, तिच्याशी तर सख्ख्या बहिणीसारखं जमलं, म्हणजे मला जरा टोचलंच. पण ओळख मुरायच्या आत माणूस निघून जायचं. कुणी पेशंटला धरून हसत हसत, कुणी नुसती पिशवी घेऊन. त्या शिवणकामवालीच्या हातात पिशवीच होती. ताई दारात उभी राहून तिला निरोप देऊन आली आणि दोन दिवस जेवली नाही. पुढंपुढं तिनं माणसांना नावं विचारणं सोडून दिलं.

भावोजी मात्र सुखात होते. दारापाशी एक चाकांची खुर्ची घडी घालून ठेवलेली, तिच्यावर ताईच्या तपासण्यांची पिशवी. दवाखान्यातला प्रत्येक वॉर्डबॉय ओळखीचा. संध्याकाळी ते ताईला फिरायला न्यायचे, कुठं, तर दवाखान्याच्या आवारात, शवागाराच्या भिंतीपर्यंत आणि परत. मी म्हटलं, वा, काय हवापाण्याची जागा शोधलीत. त्यांना टोमणा कळला नाही, किंवा कळून त्यांनी गिळला. वाईट माणूस नाही हो तो. तिच्या गोळ्या हातानं काढून द्यायचा, तिच्या पायांना सूज दिसली की तळवे मांडीवर घेऊन बसायचा. प्रेम होतं, रग्गड होतं. पण नुसतं जपून ठेवण्याचं प्रेम. ताईला कपाटातल्या काचेच्या भांड्यासारखं करून टाकलं त्यांनी.

आणि गंमत बघा, दुसरा झटका आलाच नाही. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं, माझ्या दुकानातल्या मुली लग्न होऊन गेल्या, त्यांची पोरं केस कापायला यायला लागली, ताई ठणठणीत. म्हणजे हृदयानं ठणठणीत. बाकी तिचं बोलणं कमी झालं, हसणं तर विसरलीच. मी गेले की माझ्या भागातलं सगळं विचारून घ्यायची, ती अमकी परत माहेरी आली का, मैदानातला नळ दुरुस्त झाला का. माझ्याकडे ये म्हटलं की भावोजी मध्ये. फाटक आहे. माझ्या घरी जेवायला यायचं तर एवढी मनधरणी, कैद्याला सुट्टी मिळवणं सोपं. मी दर भेटीत त्यांच्याशी भांडायची. म्हणायची, भावोजी, तुम्ही तिला मरायला सोयीचं घर घेतलंत, जगायला नाही. हे मी त्यांच्या तोंडावर म्हटलंय, एकदा नाही, दहादा. ते दर वेळी तेच म्हणायचे, तू पोचवलेली नाहीस माणसं, मी पोचवलीत.

मग फाटकावर उड्डाणपूल झाला.

माझ्या दुकानात बायका पुलाबद्दल कुरकुर करत होत्या, सावली पडते, धूळ येते, आणि मी मनात पुलाची आरती ओवाळत होते. भावोजींना मी काही बोलले नाही. एके दिवशी दुपारी ते स्वतःच दुकानात उगवले. गणवेशात, बायकांच्या रांगेत अंग चोरून बसले. माझा हात रिकामा होईपर्यंत बसूनच राहिले. मग म्हणाले, पुलावरून रिकामी गाडी नेऊन बघितली, सकाळी, दुपारी, गर्दीच्या वेळी. कुठं अडत नाही. "आठवडाभर ने तिला," म्हणाले, "मी न्यायला येईन." मला इतका आनंद झाला की पुढच्या गिऱ्हाइकाचे केस जरा जास्तच कापले गेले.

ताई आली ती लहान मुलीसारखी, पिशवी स्वतः उचलून. पहिल्या दिवशी मी तिला खुर्चीत बसवलं आणि तिचे केस कापले. किती वर्षं नुसते गुंडाळून ठेवले होते, टोकं पार झिजलेली. मानेपर्यंत कापले तर आरशात बघून म्हणाली, "अगंबाई, ही कोण?" आणि हसली. मैदानावर जुन्या पोरांपैकी एकानंही तिला ओळखलं नाही, ती आता मिशा फुटलेली पोरं, पण त्यांची धाकटी भावंडं होती. दुसऱ्या संध्याकाळी ताईच्या बाकाभोवती इतकी पोरं की म्हाताऱ्यांनी तक्रार केली. ती खिडकी उघडी ठेवून झोपायची. जेवायची चांगली. भावोजींचा फोन सकाळ, दुपार, संध्याकाळ. ती म्हणायची, मी बरी आहे हो, तुम्ही जेवलात का?

त्यांनी न्यायला यायचं होतं त्या दिवशी आम्ही दोघी बाल्कनीत मटार सोलत बसलो होतो. दुपारची वेळ. ताई म्हणाली की खालच्या मजल्यावर एक घर रिकामं आहे ना? मी म्हटलं आहे की. ती शेंग सोलता सोलता म्हणाली, "मी आज ह्यांना विचारणार आहे, बेबी. तू मध्ये बोलू नकोस. तुझं ऐकलं की ते हट्टाला पेटतात. मी विचारीन. म्हणेन, आता माझ्या मनासारखं एक घर." मी म्हटलं, नाही बोलणार, तोंड शिवून बसते. ती म्हणाली, तू आणि तोंड शिवून, दोरा पुरायचा नाही. आणि हसली. हसता हसता पाठीत काहीतरी फाटल्यासारखं झालं तिला, हात मागे गेला, एवढं म्हणाली, "अगं," आणि माझ्या अंगावर कलली. मटारचं ताट पडलं.

मी फोन केला त्याच क्षणी. ताट अजून जमिनीवर गरगरत होतं. गाडी आली, पूल मोकळा होता, कुठं थांबली नाही, कुणी आडवं आलं नाही. तिला त्याच दवाखान्यात नेलं. तिच्याच घराच्या बंद खिडकीसमोरून आत घेतलं.

तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टरीण होती, नवीन असावी, कारण भावोजींना किंवा ताईला ओळखत नव्हती. ती बाहेर आली आणि माझ्या शेजारी बसली. बसली म्हणजे मला कळलंच. म्हणाली, हा झटका नव्हताच. हृदयातून निघते ती मोठी रक्तवाहिनी फाटली. मी विचारलं, जवळ असती तर? ह्या समोरच्या घरात असती तर? ती म्हणाली, "बाई, आमच्या ऑपरेशनच्या टेबलावर असत्या तरी हाताला काही लागलं नसतं. अंतराचा प्रश्नच नव्हता. स्वतःला दोष देऊ नका." भली मुलगी. मग तिला कुणी हाक मारली आणि ती उठून आत गेली.

मी तिथं बसून राहिले. मला रडू येत नव्हतं, राग येत होता. अंतराचा प्रश्नच नव्हता. मग ती गल्ली कशासाठी? ते सायरन, ती शवागारापर्यंतची फिरायची वाट, नावं न विचारलेले शेजारी, ते सगळं कशासाठी? माझी बहीण त्या खिडक्यांमागे विझत गेली ती फुकट. मी बरोबर होते. आयुष्यात कधी नव्हते एवढी मी बरोबर होते, आणि आता भावोजी आले की त्यांना उभं करून हे ऐकवणार होते. एकेक शब्द तयार होता माझ्याकडे.

भावोजी आले. शहराच्या दुसऱ्या टोकाला पेशंट घेऊन गेले होते, तो पोचवून मगच आले. पेशंट अर्ध्यात टाकता येत नाही. रुग्णांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या मधून चालत आले, त्या व्हरांड्यातून जन्मभर चाललेला माणूस, आणि मला दिसलं की त्यांना दार सापडत नाहीये. वॉर्डबॉयनं त्यांना कोपराला धरून आत नेलं. बाहेर आले तेव्हा माझ्याजवळ येऊन उभे राहिले, बसले नाहीत. टोपी हातात. म्हणाले, "केस कापलेत तिचे." मी म्हटलं, हो. "चांगले दिसतायत," म्हणाले.

मग विचारलं, "दुखायला केव्हा लागलं होतं तिला?"

ते हे का विचारत होते ते मला कळलं. गाडीला फोन केव्हा गेला, पूल केव्हा ओलांडला, दवाखान्यात केव्हा पोचली, हे सगळं त्यांनी येता येता विचारून घेतलं होतं. त्यात कुठं चूक सापडत नव्हती. सगळं वेळेत झालं आणि तरी ती गेली, हे त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं. बसलं असतं तर, मग ते घर कशासाठी, हा पुढचा प्रश्न आलाच असता, आणि तो प्रश्न घेऊन हा माणूस त्या तळमजल्यावरच्या घरात, त्या चाकांच्या खुर्चीशेजारी, एकटा कसा राहणार होता? लांबून मला ती डॉक्टरीण आमच्याकडे येताना दिसली, हातात कागद. कागदावर हृदयक्रिया बंद पडली असंच लिहिलं असणार, ते सगळ्यांचंच लिहितात. पण तोंडानं ती खरं सांगणार, आणि भलेपणानं सांगणार.

मी भावोजींचा दंड धरला आणि ती पोचायच्या आत त्यांना दाराबाहेर नेलं.

"सकाळपासून दुखत होतं," मी म्हटलं. "पाठीत. मला वाटलं पित्त असेल. मी म्हटलं पड जरा, होईल बरं. दुपारपर्यंत मी फोन केलाच नाही."

ते थांबले. माझा हात त्यांनी दंडावरून काढला, हळूच, एकेक बोट करून. इतक्या वर्षांत मी त्यांना नाही नाही ते बोलले होते, पण माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं त्यांनी. त्या रागानं त्यांची पाठ ताठ झाली. उभे राहिले ते. मला वाटलं, राहू दे. माझ्यावर राग धरून माणूस पुष्कळ वर्षं जगू शकतो. ताईची एवढी एकच वस्तू आता माझ्या हातात होती, हा नवरा.

"इथं असती तर मी लगेच ओळखलं असतं," ते म्हणाले. "इथं असती तर वाचली असती."

"वाचली असती," मी म्हटलं. "भावोजी, घर तुम्हीच बरोबर निवडलं होतं."